तिकिटातून निसटलेली रात्र

विमानप्रवासाने मनुष्यास जे काही दिले त्याची मोजदाद आपण नेहमी अंतराच्या आणि वेळेच्या परिभाषेत करतो. मुंबईहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंतचा जो मार्ग आमच्या आजोबांच्या पिढीस आगबोटीच्या कित्येक आठवड्यांचा वाटला असता तो आता दीड दिवसाच्या आत सरतो, हे आपण एकमेकांस कौतुकाने सांगतो, आणि ते कौतुक अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या वेगाच्या बदल्यात प्रवाशाच्या हातून एक गोष्ट निसटली, तिची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे रात्र: भुईवर, स्थिर छपराखाली, पाठ टेकून आणि पाय लांब करून काढलेली रात्र. एके काळी ती तिकिटाच्या किमतीतच अंतर्भूत असे. आज ती तासांच्या दराने निराळी विकत घ्यावी लागते. आणि ज्यांना तिची गरज सर्वांत अधिक, ते आपल्याकडचे वृद्ध प्रवासी, ती सहसा विकत घेतच नाहीत.

हे विधान मी अलंकारिक अर्थाने करीत नाही. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडननजीकच्या क्रॉयडनपासून कराचीपर्यंतची नियमित सेवा सुरू केली, तेव्हा त्या प्रवासास सुमारे आठवडा लागे आणि युरोपातील एक टप्पा तर आगगाडीनेच ओलांडावा लागे. विमाने त्या मार्गावर सहसा रात्री उडत नसत. त्यामुळे दिवस मावळण्याच्या सुमारास कोठेतरी उतरणे भाग असे, आणि जेथे उतरावयाचे तेथे प्रवाशांच्या निजण्याजेवण्याची तजवीज कंपनीनेच करावयाची, हा त्या व्यवहाराचा मूळ भाग होता. पुढे इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी सरली, मार्ग आखाताच्या अरब बाजूस न्यावा लागला, आणि १९३२ साली शारजाच्या शेखांशी करारनामा होऊन तेथील ओसाड वाळूत धावपट्टी आणि तिच्या शेजारी तटबंदीचे एक विश्रांतिगृह उभे राहिले. करारातले भाडे रुपयांत ठरले होते, कारण त्या मुलखात तेव्हा आपलाच रुपया चालत असे. ताशी जेमतेम १६० किलोमीटर वेगाने येणारी, चार इंजिनांची आणि दुहेरी पंखांची ती अवजड विमाने संध्याकाळी तेथे उतरत, प्रवासी तटाच्या आत जात, दरवाजा बंद होई, बाहेर शेखांचे शिपाई पहारा करीत, आणि पहाटे पुन्हा उड्डाण होई.

या तळावरील एका दिवसाचे जीवन टिपणारा ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा एक इंग्रजी लघुपट १९३७ साली निघाला होता. तो पाहताना माझ्या मनावर ठसले ते विमान नव्हे. येणाऱ्या मूठभर माणसांसाठी एक सबंध वस्ती दिवसभर तयारी करीत असते, हे मला त्या विमानाहून मोठे वाटले. ते प्रवासी धनाढ्य होते किंवा सरकारी अंमलदार होते, आणि त्या सेवेमागे साम्राज्याची गरज उभी होती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही एक तत्त्व तेथे निर्विवाद मानलेले होते: प्रवाशाला देह आहे, त्या देहाला रात्र लागते, आणि त्याला वाटेत थांबविणाऱ्याने ती पुरविली पाहिजे. त्याच १९३२ च्या ऑक्टोबरात, १५ तारखेस, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आपले छोटेसे पस मॉथ विमान उतरविले. तेथून पुढे त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट ते टपाल घेऊन मद्रासकडे निघाले, आणि वाटेत बेल्लारीस रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोहोचले. आपल्या विमानवाहतुकीचा आरंभही असा मुक्कामासहित झाला आहे.

मग यंत्रे बदलली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि त्याच वर्षी आपली सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. विमानांना अंधार दिसेनासा झाला, म्हणजे त्यांना अंधाराची अडचण उरली नाही, आणि ज्या रात्री पूर्वी जमिनीवर जात त्या खुर्चीत जाऊ लागल्या. येथवरही ठीक होते. परंतु त्यानंतर मोठ्या मध्यवर्ती विमानतळांची जी व्यवस्था रूढ झाली तिने प्रवाशाला पुन्हा वाटेत उतरविले, आणि या वेळी निजण्याची तजवीज मात्र केली नाही. या व्यवस्थेचे गणित समजण्यासारखे आहे. दुबईसारख्या ठिकाणी विमाने लाटांनी येतात व लाटांनी सुटतात. पूर्वेकडील अनेक शहरांतून आलेली माणसे थोड्या वेळात एकत्र यावीत आणि पश्चिमेकडील अनेक शहरांत वाटली जावीत, यासाठी ती वेळापत्रके बांधलेली असतात. ज्याचे पुढचे विमान त्याच लाटेत असते तो धावतपळत ते गाठतो. ज्याचे पुढच्या लाटेत असते तो मागे उरतो, आणि त्याची रात्र त्या झगझगीत दिव्यांखाली जाते. तिकीट स्वस्त दिसते ते पुष्कळदा याच कारणाने. स्वस्ताईचा उरलेला भाग प्रवाशाच्या पाठीने आणि गुडघ्यांनी भरावयाचा असतो.

आपल्या समाजात हा भार कोणावर पडतो हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलवर एखाद्या संध्याकाळी चाकांच्या खुर्च्यांची रांग पाहावी. मुलगा सनीवेलला, मुलगी न्यू जर्सीत, नातवंडाचा जन्म किंवा मुंज, आणि सहा महिन्यांच्या वास्तव्यासाठी निघालेले सत्तरीपुढचे आईवडील. हातातल्या पिशवीत औषधांच्या पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी, दशम्या आणि पारपत्रांचा रबर लावलेला गठ्ठा. त्यांचे तिकीट मुलांनी काढलेले असते आणि मुलांनी ते प्रेमाने काढलेले असते, यात मला शंका नाही; परंतु संगणकाच्या पडद्यावर मधल्या थांब्याचे तास म्हणजे केवळ एक आकडा असतो, आणि तो आकडा म्हणजे कोणत्या तऱ्हेची खुर्ची, किती थंड हवा, स्वच्छतागृह किती दूर, याचा उलगडा तो पडदा करीत नाही. फार वेळ बसून राहिले की पायांच्या शिरांत रक्त साचते, घोट्यांवर सूज चढते; पुढे सोळा तासांचे उड्डाण बाकी असलेल्या वृद्ध शरीराला त्याआधी काही तास आडवे होणे हे औषधाइतकेच आवश्यक असते. ही चैनीची बाब नव्हे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आईला घेऊन मी माझ्या बहिणीकडे निघालो तेव्हा आमचाही थांबा दुबईस होता. मध्यरात्रीनंतर उतरावयाचे आणि सकाळी पुढे निघावयाचे. तिच्यासाठी खोली घ्यावयाची हे मी तिकिटाबरोबरच ठरविले, आणि त्या निमित्ताने या खोल्यांच्या व्यवहाराचे जे अंतरंग कळले ते सविस्तर लिहिण्याजोगे आहे, कारण त्यातील एकेका तपशिलावर कोणाची तरी रात्र अवलंबून असते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की खोली सरहद्दीच्या अलीकडे आहे की पलीकडे. ‘विमानतळावरील हॉटेल’ या नावाखाली जे काही दाखविले जाते त्यातले पुष्कळसे विमानतळाच्या दाराबाहेर असते. तेथे जावयाचे म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करावयाचा, पारपत्रावर शिक्का घ्यावयाचा, आणि सकाळी पुन्हा सर्व तपासण्यांच्या रांगांतून आत यावयाचे. याउलट काही मोठ्या विमानतळांवर, दुबईत, दोहात, सिंगापूरच्या चांगीत, इस्तंबूलच्या नव्या विमानतळावर, आपल्या मुंबईतही, सरहद्द न ओलांडता विमान बदलणाऱ्यांच्या हद्दीतच निजण्याच्या खोल्या आहेत; तेथे व्हिसाचे कारण पडत नाही, आणि खोलीचे भाडे दिवसाच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने आकारण्याची सोय असते. वृद्ध माणसासाठी निवड कोणती करावी हे सांगावयास नको. परंतु तिलाही एक अट आहे: दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असली पाहिजेत आणि सामान मुंबईहून थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदविलेले असले पाहिजे. तिकिटे निरनिराळी काढली, तर पुष्कळदा बाहेर जाऊन, सामान ताब्यात घेऊन पुन्हा हजर करावे लागते, आणि मग आतली खोली असून नसल्यासारखी होते. सामान थेट गेले, की ते मधल्या ठिकाणी हाती लागत नाही. म्हणून रात्रीची औषधे, बदलावयाचे पातळ आणि पंचा हे सारे जवळच्या पिशवीत घेणे प्राप्त ठरते.

दुसरा प्रश्न तारखेचा. हॉटेलांचा दिवस मध्यरात्रीस सुरू होत नाही. तो दुपारी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास संपतो. जो मनुष्य चौदा तारखेस रात्री साडेबारास उतरणार, त्याने बाहेरच्या साध्या हॉटेलात चौदा तारखेची खोली घेतली, तर ती त्याला चौदाच्या दुपारी मिळावयाची, म्हणजे त्याचे विमान गेल्यावर. त्याने तेराची रात्र मागितली पाहिजे. तासांवर मिळणाऱ्या खोलीत हा घोळ कमी असतो, तरीही आरंभाची वेळ स्थानिक घड्याळाने लिहावी लागते, आणि दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तासाने मागे आहे. थकलेल्या डोळ्यांनी हा हिशेब तेथे उभे राहून करावा लागू नये, म्हणून तो घरी, कागदावर, दिवसाउजेडी केलेला बरा.

बाहेरच्या खोलीचा विचार करताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आणि ती मनातून जात नाही. संयुक्त अरब अमिरातींनी २०१७ पासून, अमेरिकेचा व्हिसा वा ग्रीनकार्ड बाळगणाऱ्या भारतीय नागरिकास काही शर्तींवर उतरताक्षणी प्रवेशाचा परवाना देण्याचा शिरस्ता ठेवला आहे. म्हणजे एकाच विमानातून उतरलेल्या, एकाच देशाचे पारपत्र बाळगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी ज्याच्या पारपत्रात तिसऱ्याच एका राष्ट्राचा कागद चिकटविलेला आहे, त्याला शहरातल्या पलंगाची वाट मोकळी होते, आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याने आधीपासून व्हिसाची वा आतल्या खोलीची तजवीज केलेली नसेल तर बाकावर बसावयाचे. राज्यांनी आपल्या सरहद्दी कशा राखाव्या यात मी शिरत नाही. परंतु निजेची आवश्यकता दोन्ही देहांना सारखीच असते, आणि तिचा निवाडा दस्तऐवज पाहून व्हावा, हे मला सलते.

आईची अडचण निराळीच होती. तिला खोलीचे भाडे कळले मात्र, तिने मला समोर बसवून विचारले, “सहा तासांचे एवढे पैसे? अरे, तेवढ्यात परभणीस महिन्याचा किराणा येईल. मी बसल्या बसल्या डोळा लावीन, तू माझी काळजी करू नकोस.” हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत किती आयांनी उच्चारले असेल! त्यात कृपणता नसते. स्वतःच्या शरीरावर खर्च करणे म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे काढून घेणे, अशी एक जन्मभराची सवय त्यात असते, आणि युक्तिवादाने ती सुटत नाही. मी तिला मनमाडची आठवण दिली. वडील पाटबंधारे खात्यात परभणीकडे असताना, मुंबईहून जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण तेथे रुळांची रुंदी बदलत असे. मोठ्या रुळांवरची गाडी आम्हांस अपरात्री उतरवून पुढे जाई आणि मराठवाड्याकडची छोट्या रुळांवरची गाडी सकाळपर्यंत नसे. त्या वेळी वडील आम्हां भावंडांना फलाटावर ठेवून स्टेशनमास्तरांच्या कचेरीत जात, तिकिटे दाखवीत, आणि रिटायरिंग रूम रिकामी असली तर किल्ली घेऊन येत. उंच छत, लोखंडी खाटा, जाड कापडाच्या पांढऱ्या चादरी, आणि खाली धडधडत जाणाऱ्या मालगाड्या. भाडे बेताचे असे; पण माझ्या आईला त्या खोलीविषयी जो विश्वास वाटे तो भाड्यामुळे नव्हता. ज्याच्या हाती पुढच्या गाडीचे तिकीट आहे त्याने मागावी आणि रेल्वेने द्यावी, अशी ती खोली होती. आजही रेल्वेची ही खोली घ्यावयाची तर प्रवासाच्या तिकिटाचा क्रमांक द्यावा लागतो. निजण्याचा हक्क तिकिटाला जोडलेला आहे, ही कल्पना आपल्या रेल्वेने अजून सोडलेली नाही, आणि याबद्दल मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

“म्हणजे मनमाडसारखीच खोली म्हणतोस?” आईने विचारले. मी हो म्हणालो. “मग घे,” ती म्हणाली, आणि पैशांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आमचे विमान उतरले तेव्हा घरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. चाकांची खुर्ची ढकलणारा तरुण नेपाळचा होता. तो तिला सबंध वाटभर ‘माताजी’ म्हणत होता. अत्तरांची आणि सोन्याची दुकाने दुपारच्यासारखी उघडी होती. खांबांच्या कडेने, गालिच्यावर, बाकांच्या फटींत माणसे झोपली होती. एक गृहस्थ बुटांची जोडी उशाखाली घेऊन, एक तरुण स्त्री तान्ह्या मुलाला पोटाशी धरून. आई त्या स्त्रीकडे वळून वळून पाहत राहिली. पटलावरच्या मुलीने पारपत्रे आणि पुढच्या विमानाचे परवाने तपासले, वेळ लिहून घेतली, आणि आम्हांला आत सोडले.

खोलीला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. आईने पाय धुतले, पातळ बदलले, आणि नित्याप्रमाणे झोपण्यापूर्वी पाच मिनिटे नामस्मरणास बसण्यासाठी पूर्व कोणती ते मला विचारले. चारी बाजूंना सारखीच भिंत, आकाश नाही, आवाज नाही. मला सांगता येईना. तेवढ्यात तिला छताच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण दिसला. मी सांगितले, की तो मुसलमान प्रवाशांना नमाजासाठी मक्केची दिशा दाखवितो. तिने क्षणभर विचार केला. “मक्का येथून पश्चिमेकडे ना?” “हो, थोडी दक्षिणेला कललेली, पण पश्चिमेकडेच.” “मग झाले,” असे म्हणून तिने बाणाकडे पाठ केली आणि ती पलंगावर मांडी घालून बसली. नंतर ती आडवी झाली, आणि तिचा श्वास इतक्या लवकर संथ झाला की मी दिवा मालवण्यास उठलो तेव्हा ती झोपलेली होती. तिच्या घोट्यांवरची सूज मी पाहिली होती. सकाळी ती बरीच उतरली होती.

मला मात्र झोप आली नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही. या इमारतीपासून काही मैलांवर शारजाचे ते जुने विश्रांतिगृह आजही आहे, ‘अल महत्ता’ या नावाचे संग्रहालय होऊन, आणि त्याच्या धावपट्टीवरून आता शहराचा रस्ता जातो. बाहेर गालिच्यावर निजलेली माणसे आणि ते विश्रांतिगृह यांत इतके थोडे अंतर असावे, हा विचार मी बराच वेळ करीत होतो. वाटेत अडकलेल्या प्रवाशाचा हक्क कायद्याने मानलेला नाही असे नाही. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम, विमान रद्द झाले किंवा फार लांबले आणि रात्र काढावी लागली, तर निवासाची जबाबदारी कंपनीवर टाकतो. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे नियमही, रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारे विमान ६ तासांहून अधिक लांबले तर प्रवाशाच्या निवासाची तरतूद सांगतात. परंतु हे सारे चुकलेल्या वेळापत्रकासाठी आहे. वेळापत्रकानेच जी रात्र ठरवून दिली, तिकीट विकतानाच जी ठाऊक होती, तिच्याविषयी नियम मौन बाळगतात. काही कंपन्या त्या रात्रीच्या थांब्याहून लवकरचे जोडविमान नसेल तर आपल्या खर्चाने खोली देतात, हे त्यांना भूषणावह आहे. पण ती मागावी लागते, आधी मागावी लागते, आणि ज्यांना मागता येईल असे ठाऊक असते ते बहुधा वारंवार जाणारे तरुण असतात. सत्तरीच्या प्रवाशाचे तिकीट निघताना, मधला थांबा रात्रीचा असेल तर खोलीचा प्रश्न विक्रेत्याने आपण होऊन विचारलाच पाहिजे, असा दंडक व्हावा; जेवण शाकाहारी की मांसाहारी हे जर विचारता येते, तर हेही येईल.

अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, काशीपासून रामेश्वरापर्यंत, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे बांधल्या, आणि स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. या माणसांना वाटेवरच्या मनुष्याची निज ही समाजाने उचलावयाची जबाबदारी वाटत होती. विमानतळ बांधणाऱ्यांपाशी त्यांच्याहून कितीतरी अधिक संपत्ती आहे, आणि जागाही आहे. अत्तरांच्या दोन दुकानांएवढ्या जागेत चाळीस म्हाताऱ्यांना पाठ टेकता येईल अशा साध्या खाटा खात्रीने मावतील.

सकाळी आईने स्वतः चादरीची घडी घातली, मी नको म्हणत असताना, आणि बाहेर पडताना ती तान्ह्या मुलाची आई कोठे दिसते का ते पाहिले. ती तेथे नव्हती. पुढचे सोळा तास आईने कण्हल्याविना काढले, आणि बहिणीच्या दारात ती चाकांच्या खुर्चीतून नव्हे, चालत गेली.

परतल्यावर काही महिन्यांनी परभणीच्या आमच्या शेजारीणबाई त्यांच्या मुलाकडे डॅलसला निघाल्या. आईने त्यांना जेवावयास बोलाविले, काय काय घ्यावे ते सांगितले, आणि मग विचारले, “मध्ये कोठे थांबणार?” त्यांनी सांगितले. “रात्री की दिवसा?” रात्री. तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, “यांच्या मुलाला तू फोन लाव.” आणि त्यांना म्हणाली, “नको म्हणू नका हो, मीही आधी नकोच म्हणत होते. पण खोली आतली आहे की दाराबाहेरची, तेवढे त्याला पहिल्यांदा विचारायला सांगा.”